लाइमलाइट : चुन्याचा उजेड

एका सत्कारसभेत अध्यक्षांनी उत्सवमूर्तींविषयी बोलताना म्हटले, "आमचे हे मित्र आयुष्यभर लाइमलाइटपासून चार हात दूर राहिले." टाळ्या झाल्या, हारतुरे झाले. सभा संपून आम्ही चपला शोधीत असता कॉलेजात शिकणारा एक मुलगा जवळ आला आणि विचारू लागला, "काका, त्या लाइमलाइटमध्ये लिंबाचा काय संबंध हो? तो दिवा लिंबाच्या रंगाचा असतो काय?" आम्ही हसलो खरे, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. कारण आमचीही पुष्कळ वर्षे तीच समजूत होती. नाटकगृहात हिरवट-पिवळसर काचेतून कोणावर तरी उजेड पाडीत असतील, आणि त्यावरून हा शब्द निघाला असेल, असे आम्ही कोणाला न विचारता मनाशी ठरवून टाकले होते. पुढे शोध घेतला तेव्हा कळले की, लिंबाचा येथे काही संबंध नाही. हा उजेड चुन्याचा आहे. आपण पानाला लावतो आणि भिंतीला फासतो, त्या चुन्याचा.

इंग्रजीत लाइम हा एकच उच्चार तीन निरनिराळ्या वस्तूंना चिकटला आहे. एक लाइम फळ. हा शब्द अरबी-फारसीतून युरोपात गेला, आणि आपल्या लिंबूशी त्याचे जवळचे नाते आहे. दुसरा लाइम हे एका मोठ्या सावलीच्या झाडाचे नाव. त्याचे जुने रूप वेगळे होते, ते झिजता झिजता लाइम झाले. तिसरा लाइम म्हणजे चुना. हा अगदी जुन्या इंग्रजीतला शब्द असून त्याच्या मुळाशी चिकटपणाचा अर्थ आहे. पक्षी धरण्यासाठी फांद्यांना लावायचा चीक आणि विटा सांधण्याचा चुना या दोहोंनाही तेच नाव होते. बोलताना हे तिघे एकाच दाराने आत येतात, म्हणून आपली फसगत होते.

आता चुना उजेड कसा देतो ते पाहू. चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. यावर पाणी पडले की तो फसफसतो, तापतो आणि विरतो. घर बांधताना चुन्याच्या हौदातून निघणारी वाफ ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे सांगावयास नको. पण कोरड्या कळीच्या चुन्याचा आणखी एक गुण आहे, तो आपल्या घरी कधी दिसत नाही. कितीही तापवा, तो सहजासहजी वितळत नाही. लोखंड सुमारे १५०० अंशांवर पाणी होते. चुन्याला अडीच हजार अंशांच्याही पुढे जावे लागते. चुलीच्या किंवा लोहाराच्या भात्याच्या जाळाचे हे काम नव्हे. त्यासाठी प्राणवायू आणि हायड्रोजन हे दोन वायू एकत्र जाळावे लागतात. ती ज्योत दिसायला अगदी फिकी, जवळजवळ अदृश्य असते. परंतु तिच्या टोकाशी चुन्याचा खडा धरला की खडा पांढराशुभ्र पेटल्यासारखा दिसतो, आणि त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहवत नाही. गंमत अशी की, उजेड देणारा चुना जळत नाही आणि जळणारी ज्योत उजेड देत नाही.

या दोन वायूंची फुंकनळी अमेरिकेच्या रॉबर्ट हेअर याने १८०१ मध्ये तयार केली होती. तिच्या ज्योतीत चुना धरून त्याचा प्रकाश पाहणारांत कॉर्नवॉलचा गोल्डस्वर्दी गर्नी हा अग्रभागी होता. तोपर्यंत ही केवळ प्रयोगशाळेतली करामत होती. ती बाहेर आली ती एका व्याख्यानातून, आणि व्याख्यानांना येणाऱ्या मंडळींनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विज्ञानावर व्याख्याने होत. मायकेल फॅरडे तेथे प्रयोग करून दाखवी. श्रोत्यांत थॉमस ड्रमंड नावाचा एक स्कॉटिश तरुण लष्करी इंजिनियर येऊन बसत असे. चुन्याचा उजेड पाहून इतरांचे डोळे दिपले असतील. ड्रमंडला मात्र आपली अडचण आठवली.

ती अडचण जमीनमोजणीची होती. १८२४-२५ च्या सुमारास आयर्लंडची मोजणी हाती घेण्यात आली होती. जमिनीवरची करआकारणी नीट बसवावयाची तर प्रत्येक गावशिवाराचा नकाशा हवा, आणि तो मैलाला सहा इंच एवढ्या मोठ्या प्रमाणावर हवा, असे ठरले होते. सगळा देश प्रथम मोठमोठ्या त्रिकोणांनी बांधून घ्यावयाचा, मग त्या त्रिकोणांत लहान त्रिकोण बसवीत खाली उतरावयाचे, अशी ही पद्धत. मोठ्या त्रिकोणाची टोके म्हणजे डोंगरांची शिखरे. एका शिखरावरून दुसरे शिखर दुर्बिणीत बिनचूक दिसले पाहिजे. परंतु आयर्लंडची हवा पावसाळी व धुकट. दिवसेंदिवस वाट पाहिली तरी समोरचा डोंगर आपले तोंड दाखवीत नसे.

ड्रमंडने सुपारीपेक्षाही लहान अशी चुन्याची गोळी घेतली, तिच्यामागे अंतर्गोल आरसा बसवला आणि १८२५ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी हे सामान डॉनेगलमधल्या स्लीव स्नॅख्त या डोंगरावर चढवले. या नावाचा आयरिश भाषेतला अर्थच बर्फाचा डोंगर. ६६ मैलांवर, बेलफास्टजवळच्या डिव्हिस डोंगरावर, थॉमस कोल्बी या मोजणीप्रमुखाची माणसे दुर्बिणी लावून बसली होती. वर वारा, थंडी आणि तंबूंची ओढाताण चालूच होती. एका रात्री डिव्हिसवरच्या मंडळींना अंधारात एक ठिणगी दिसली, आणि तिने त्या त्रिकोणाची बाजू जोडून दिली. ६६ मैल म्हणजे पुण्याहून सरळ रेषेत जवळजवळ मुंबईपर्यंत, असे म्हटले म्हणजे अंदाज येईल.

या मोजणीचा आपल्या देशाशीही एक धागा जुळतो. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट रजेवर असताना १८२९ मध्ये आयर्लंडची मोजणी पाहावयास गेला होता. उष्णतेने लांबी न बदलणाऱ्या कोल्बीच्या मोजपट्ट्या त्याला पसंत पडल्या. तशा पट्ट्या तो बरोबर घेऊन आला आणि कलकत्त्याजवळची पायारेषा त्याने त्यांनी मोजली.

दिव्याला लोक ड्रमंडचा दिवा म्हणू लागले, पण ड्रमंड स्वतः दिव्यापाशी फार दिवस राहिला नाही. दीपगृहांत हा उजेड वापरून पाहावा अशी खटपट झाली, परंतु वायू तयार करण्याचा खर्च व यातायात यांमुळे ती तडीस गेली नाही. १८३५ मध्ये तो आयर्लंडच्या कारभारात मोठ्या हुद्द्यावर गेला. तेथल्या जमीनदारांनी बंदोबस्ताची ओरड केली तेव्हा, मालमत्तेबरोबर हक्क येतात तशी कर्तव्येही येतात, असे त्याने त्यांना लेखी बजावले. हे उत्तर आयर्लंडमध्ये पुष्कळ दिवस लोकांच्या तोंडी होते. अतिश्रमाने तो १८४० मध्ये, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याच्या दिव्याने पुढे जगभर मिरवणाऱ्या माणसांवर उजेड पाडला. त्याचे स्वतःचे नाव मात्र आज किती जणांना ठाऊक आहे?

आता नाटकगृहाकडे वळू. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे यांवर युरोपातल्या रंगभूमीने शतके काढली. लंडनच्या मोठ्या नाटकगृहांच्या रंगमंचावर १८१७ मध्ये गॅसचे दिवे आले. गॅसने उजेड वाढला आणि तो कमीजास्त करण्याची सोय झाली, पण तो सगळीकडे सारखा पसरे. राजा आणि राजाचा हुजऱ्या दोघेही सारखेच उजळत. आपल्याकडे १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीस सीतास्वयंवर उभे केले तेव्हा तेलाच्याच उजेडावर काम भागले होते, आणि तेथेही राम आणि विदूषक यांच्यावर एकाच दिव्याची कृपा होती.

चुन्याच्या दिव्याने ही समता मोडली. १८३६ च्या ऑक्टोबरात केंट परगण्यातल्या हर्न बे येथे, समुद्रात गेलेल्या धक्क्यावर एका जादूगाराच्या खेळासाठी तो लावला होता. पुढल्याच वर्षी तो लंडनच्या कव्हेंट गार्डन थिएटरात आला. तेथील व्यवस्थापक मॅक्रेडी याला त्याचा खर्च परवडेना, तेव्हा थोड्याच दिवसांत दिवा बाजूला पडला. परंतु एकदा पाहिलेली गोष्ट लोक विसरत नाहीत. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तो हळूहळू सगळीकडे पसरला. भिंग लावले की त्याचा उजेड गोळा होऊन एका जागी पडे, काच बदलली की चांदणे होई किंवा सूर्योदय होई. आणि मुख्य म्हणजे तो फिरवता येई. नट उजवीकडे गेला की उजेडही उजवीकडे. सबंध रंगमंचावर पन्नास माणसे असली तरी प्रेक्षकाने कोणाकडे पाहावे हे आता वर बसलेला कोणीतरी ठरवू लागला.

हा वर बसलेला मनुष्य कोण? त्याच्याविषयी फार कोणी लिहीत नाही, म्हणून आम्ही येथे थोडे थांबतो. प्रत्येक दिव्यामागे एक माणूस लागे. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना उंचावर लाकडी सज्जे असत, तेथे तो नाटकभर उभा असे. त्याच्याजवळ रबर लावलेल्या कापडाच्या दोन मोठ्या पिशव्या. एकीत प्राणवायू, दुसरीत हायड्रोजन किंवा त्याऐवजी साधा गॅस. पिशव्या फळ्यांमध्ये दाबून वर वजने ठेवलेली असत, म्हणजे वायू एकसारखा येई. दाब कमीजास्त झाला आणि एक वायू दुसऱ्याच्या पिशवीत शिरला तर स्फोट ठरलेला. वायू विकत मिळत नसतील तर तेही त्यानेच तयार करावयाचे. चुना बोटाएवढ्या कांडीच्या रूपात येई. ही कांडी हवेतली ओल घेऊन फुटते आणि तिची फक्की होते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी लागे. ज्योतीच्या माऱ्याने कांडीला खळगा पडे. तो वेळीच लक्षात घेऊन कांडी किंचित फिरवावयाची, नाहीतर उजेड मंदावे आणि उष्णतेने भिंगही तडके. एक हात कांडीवर, दुसरा वायूच्या चाव्यांवर, दिव्याचे तोंड नटाच्या मागे वळवावयाचे आणि कान नाटकातल्या भाषणाकडे. एवढे करून बारीक सूं-सूं आवाज फार मोठा होऊ द्यावयाचा नाही, कारण खाली नायिका मरणाच्या दारी असे.

ब्रिटिश नाटकगृहांत आजही नटामागे फिरणाऱ्या विजेच्या दिव्याला लाइम म्हणतात. त्यात चुन्याचा कण नाही, पण त्या सज्जावरच्या माणसाचे नाव तेवढे उरले आहे.

या दिव्याचा खरा मर्मज्ञ म्हणजे हेन्री अर्व्हिंग. १८७८ मध्ये लंडनचे लायसियम थिएटर त्याच्या ताब्यात आले. प्रयोग चालू असता प्रेक्षागृहात अंधार ठेवावयाचा, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी गोष्ट इंग्लंडात त्याने रुळवली. अंधार असल्याशिवाय झोताला किंमत नाही हे त्याने ओळखले होते. त्याच्या थिएटरची व्यवस्था ब्रॅम स्टोकर पाहत असे. पुढे ड्रॅक्युला लिहिणारा स्टोकर तो हाच. अर्व्हिंग चुन्याच्या दिव्यांची तालीम नटांच्या तालमीइतक्याच कसोशीने घेई, असे स्टोकरने लिहून ठेवले आहे. टीकाकारांनी त्याला नावेही ठेवली. सगळा चांगला उजेड मालकावर आणि बाकीचे अंधारात चाचपडतात, अशी कुजबूज होई. यात काही तथ्य असेलच, कारण दिवेही त्याचे आणि थिएटरही त्याचे.

इकडे वीज येऊन ठेपली होती. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात १८८१ च्या अखेरीस रंगमंच विजेच्या दिव्यांनी उजळला. प्रेक्षकांची भीती घालवण्यासाठी मालक डॉयली कार्ट याने पेटलेला दिवा मलमलीत गुंडाळून सर्वांसमोर फोडला आणि कापड जळले नसल्याचे दाखवले. गॅसच्या आगींनी पोळलेल्या त्या काळात हा पुरावा पुरेसा होता. तरी अर्व्हिंगने गॅस आणि चुना सोडला नाही. दुसऱ्या एका व्यवस्थापकाने काही काळ लायसियम चालवले तेव्हा तेथे वीज आली. पण चेहऱ्यावर पडणारा तिचा उघडावाघडा उजेड पाहून त्याची सहनटी एलन टेरी हिने गॅस परत आणावयाचा आग्रह धरला, आणि त्यांनी १९०२ मध्ये ते थिएटर सोडीपर्यंत तळदिवे गॅसचेच राहिले. हा केवळ जुन्याचा हट्ट होता असे आम्हांस वाटत नाही. आपल्याकडे समईच्या उजेडातला गाभारा आणि ट्यूबच्या उजेडातला गाभारा ज्यांनी दोन्ही पाहिले आहेत त्यांना एलन टेरीचे दुःख कळेल.

इतरत्र मात्र कार्बनच्या कमानदिव्यांनी आणि पुढे विजेच्या दिव्यांनी चुन्याला निवृत्त केले. मौज ही की, दिवा विझत चालला त्याच सुमारास शब्द पेटला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नाटकाशी काही संबंध नसलेल्या मुत्सद्द्यांविषयी, धनिकांविषयी, खटल्यातल्या आरोपींविषयीही ते लाइमलाइटमध्ये आहेत असे लिहिले जाऊ लागले. अर्थ असा की, सर्व लोकांचे डोळे सध्या यांच्यावर आहेत. त्या 'सध्या'वर जोर आहे. हा उजेड सूर्याचा नाही, तो आणलेला आहे, आणि कांडी झिजेपर्यंतच टिकणारा आहे.

मराठीने याचे 'प्रसिद्धीच्या झोतात' असे रूप केले. वर्तमानपत्रांतून ते आता इतके रुळले आहे की, ते बाहेरून आले याची कोणाला शंकाही येत नाही. भाषांतर चांगले आहे. पाण्याचा, आगीचा किंवा उजेडाचा झोत जोराने एका जागी पडतो, हा भाव त्यात नेमका आला. पण चुना गेला आणि चुना फिरवणाराही गेला. आमच्या घरचे उजेडाचे वाक्प्रचार निराळ्या वळणाचे आहेत. 'उजेडात येणे' म्हणजे दडलेले उघड होणे. त्यात मानापेक्षा धोकाच अधिक. 'काय उजेड पाडलास?' असे वडील विचारीत तेव्हा मुलाने परीक्षेत काय केले ते सांगावे लागत नसे. 'दिवे लावले' याचीही तीच गत. गोंधळात दिवटी पूज्य, पण घरातला मुलगा 'दिवटा' म्हटला की त्याची धडगत नाही. मराठी माणसाला दुसऱ्यावर पडलेल्या उजेडाविषयी जन्मजात संशय असावा! आणि चुन्याविषयी तर बोलावयासच नको. इंग्रजाने चुना लावला की नट उजळतो, आपल्याकडे 'चुना लावला' की सावकार तेवढा उजळतो. तेव्हा लाइमलाइटचे शब्दशः भाषांतर कोणी केले नाही हे बरेच झाले.

तरी या दिव्याचा एक भाऊ आपल्या घरी येऊन गेला आहे. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या ऑर वॉन वेल्सबाख याने न वितळणाऱ्या मातीच्या क्षारांत भिजवलेली जाळी ज्योतीवर धरण्याची युक्ती काढली. पुढे थोरियम आणि अल्पसे सेरियम यांच्या प्रमाणाने ती जाळी दुधासारखी उजळू लागली. हाच आपल्या गॅसबत्तीचा मेंटल. तत्त्व तेच आहे : ज्योत फिकी, आणि तिच्यात तापलेली न वितळणारी भुकटी तेजस्वी. लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणारी माणसे ज्यांना आठवतात त्यांनी चुन्याच्या दिव्याचे गोत्र पाहिलेलेच आहे. वरातीत सर्वांत उजळ घोड्यावरचा नवरदेव. बत्ती ज्याच्या डोक्यावर, त्याचा चेहरा बत्तीच्याच सावलीत.

या शब्दाने एका थोर कलावंताला चित्रपटाचे नावही पुरवले. चार्ली चॅप्लिनचे आईवडील दोघेही लंडनच्या संगीतगृहांत गाणारे. गाता गाता आईचा आवाज एके रात्री फुटला आणि प्रेक्षक ओरडू लागले. तेव्हा पाच वर्षांच्या चार्लीला पुढे ढकलण्यात आले, त्याने गाणे म्हटले आणि लोकांनी नाणी फेकली, असे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. आईचा आवाज जेथे संपला तेथे मुलगा उजेडात आला. पुढे साठी ओलांडल्यावर, १९५२ मध्ये, त्याने 'लाइमलाइट' हा चित्रपट काढला. कथा १९१४ च्या लंडनमधली, लोकांनी विसरलेल्या एका म्हाताऱ्या विदूषकाची. चित्रपट दाखवण्यासाठी चॅप्लिन लंडनला जावयास निघाला, आणि बोट समुद्रात असतानाच अमेरिकन सरकारने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. लॉस एंजेल्समध्ये हा चित्रपट रीतसर लागला तो १९७२ मध्ये, म्हणून त्याच्या संगीताला ऑस्कर मिळाले ते वीस वर्षांनी.

चित्रपटाच्या शेवटी म्हातारा विदूषक एकदा पुन्हा लोकांना पोट धरून हसवतो आणि छातीत कळ येऊन कोसळतो. त्याने जिला आधार दिला ती तरुण नर्तकी त्याच वेळी रंगमंचावर नाचत असते. त्याला उचलून विंगेत आणून ठेवतात, तिचे नृत्य पाहता यावे म्हणून. तो तेथेच प्राण सोडतो. तिला ते कळत नाही, आणि झोत तिच्यावरून हलत नाही.